एकच ए पुरे

बसवनगुडी, बंगळूर
रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

सौ. आसावरीताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे सर्व खुशाल. दिवाळी नीट पार पडली, थंडी पडायला लागली आहे. तुमची प्रकृती बरी असावी.

हातानं लिहिलेलं पत्र, तेही पोस्टातून, पाहून तुम्हाला नवल वाटेल. मी नरसिंहराव, पडवीवरचा नरसिंहअण्णा. आमच्या पाच पिढ्या इथेच गेल्या. मराठी घरात बोलतो, पण शाळा सगळी कन्नडमध्ये झाली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

पडवी कशी सुरू झाली हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमचा मुलगा शंतनु न्यू जर्सीला गेला आणि तिथे त्याला एकदम मराठी कवितेचं प्रेम आलं. इथे असताना कधी आलं नव्हतं. त्यानं ई-मेलवर ही पडवी काढली, हौशी कवींना एकमेकांच्या कविता वाचता याव्यात म्हणून. माणसं वाढली, त्याला वेळ पुरेना, तेव्हा एक कॉम्प्युटर घेऊन दिला आणि सगळा कारभार निवृत्त बापाच्या गळ्यात घातला. आठवडाभर आलेल्या कविता गोळा करायच्या, झाडूनपुसून रविवारी सकाळी एका गठ्ठ्यात सगळ्यांना पाठवायच्या, आणि मग प्रत्येकीवर दोन शब्द लिहायचे. हे दोन शब्द मी जरा चढ्या आवाजातच लिहितो. लोकांना ते आवडतात. निदान मला तसं वाटत आलं.

आता पत्राचं कारण. दिवाळीनंतरच्या रविवारी पडवीवरची बंगळुरातली सहा-सात मंडळी आमच्याकडे फराळाला आली होती. त्यांत तुमची मैत्रीण सुचेता होती. चकलीची ताटली पुढे करत मी सहज विचारलं, "ती आसावरी अमेरिकेत असते का हो? मार्चपासून गप्प आहे." सुचेतानं ताटली घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"अण्णा, ती बनशंकरीला असते. इथून बसनं वीस मिनिटं. फेब्रुवारीत तिचं बाळ गेलं, अकरा दिवसांचं. तिनं त्याच्यावर कविता लिहिली आणि तुम्ही तिला जोर-बैठका काढायला सांगितलंत. मी तेव्हा प्रोजेक्टवर सिंगापूरला होते, नाहीतर तुम्हाला त्याच दिवशी फोन केला असता."

तुमचा पत्ता मी तिच्याकडूनच घेतला.

यात झालं काय, ते सांगतो. पडवीवर आपण मराठी लिहितो ते इंग्रजी अक्षरांत. तुमच्या कवितेत शब्द होता बी, ए, एल. त्याचं बाळही होतं आणि बळही होतं. मी बळ वाचलं. तुमच्या ओळी माझ्यापुढे अशा उभ्या राहिल्या:

हातातलं बळ गेलं,
हात तेवढे राहिले.
उचलायची सवय त्यांची
मोडता मोडत नाही.

भेटायला आलेली माणसं
दारात चपला काढतात,
बोलायला काही सुचलं नाही
की पुन्हा घालतात.

मला वाटलं, कुणीतरी आजारातून उठलेलं माणूस आहे आणि उगाच कण्हतंय. म्हणून मी तसं लिहिलं. काय लिहिलं ते पुन्हा लिहीत नाही, तुमच्या लक्षात असेल. त्यावर पाच-सहा जणांनी 'वा अण्णा' केलं. तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: 'आभारी आहे. प्रयत्न करू.' मी म्हटलं, पोरगी खिलाडू आहे.

दोष कुणाचा म्हणाल तर लिपीचा. परक्या अक्षरांत आपली भाषा कोंबायला गेलं की ध चा मा व्हायचाच. तरीही तुम्हाला फार दुःख झालं असणार, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. पडवीवर पुन्हा या. तुमच्या दोन-तीन जुन्या कविता मी वाचल्या आहेत, तुमचा हात चांगला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नरसिंहराव
(पडवीचा कारभारी)


बसवनगुडी
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९९८

सौ. आसावरीताई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. आम्ही ठीक आहोत. सुनंदाला, म्हणजे आमच्या घरातल्या मंडळींना, जरा पडसं झालं होतं, आता उतार आहे.

कार्ड चार ओळींचं आहे. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. 'मी दोन ए लिहिले होते. एका एनं भलतंच वाचलं जाईल हे मला कळत होतं, म्हणून मुद्दाम दोन लिहिले आणि पाठवण्याआधी पुन्हा पाहिले. एक कुठे गेला, ते तुम्हीच सांगा.'

सांगतो.

मी तेहतीस वर्षं इथल्या एका सरकारी कारखान्यात टेलिप्रिंटरवर बसत होतो. दिल्ली, मद्रास, कलकत्ता, सगळीकडचे संदेश माझ्या बोटांखालून गेले. आमच्या खात्यात हुशार कोण, तर कमी अक्षरांत जास्त सांगेल तो. लाईन अडवून धरायची नाही. शब्द तोडायचे, स्वर गाळायचे, पलीकडच्याला कळलं म्हणजे झालं. या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता, आणि निवृत्त झालो तरी बोटांची खोड गेली नाही.

पडवी हातात आली तेव्हा पाहिलं, लोक मनाला येईल तसं लिहितात. कुणी काना दाखवायला दोन ए लिहितो, कुणी एक, कुणी मोठा ए लिहितो. दिसायला गबाळं. मी नियम काढला: एकच ए पुरे. मराठी माणसाला संदर्भानं समजतं. काहींनी कुरकुर केली, पुण्याच्या एका गृहस्थांनी दोन पानांचं पत्र धाडलं. मी बधलो नाही. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी शंतनूनं मला कॉम्प्युटरची एक युक्ती शिकवली. सगळा गठ्ठा एकत्र करायचा आणि हुकूम द्यायचा की जिथे जिथे दोन ए असतील तिथे एक कर. क्षणात होतं. दर रविवारी मी आधी हा हुकूम देतो आणि मग कविता वाचायला घेतो.

तुमचा दुसरा ए असा गेला. लिपीनं नाही खाल्ला, मी खाल्ला.

आणखी एक. आलेली मूळ पत्रं कॉम्प्युटरात जशीच्या तशी राहतात. फराळाच्या दिवशी मंडळी गेल्यावर मी तुमचं मार्चमधलं पत्र शोधून उघडलं. पहिल्याच ओळीत दोन ए होते. म्हणजे पंधरा दिवसांनी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. एकसष्ट वर्षांचा माणूस असं का करतो? नाव जपायला. पडवीवर मला मान आहे, दुसरीकडे कुठे फारसा नाही.

नियम मी रद्द केला आहे. येत्या रविवारच्या गठ्ठ्यात तुमची कविता बाळ या शब्दासकट पुन्हा छापावी, तिच्याखाली माझा जुना शेरा छापावा, आणि त्याच्याखाली मी सर्वांसमोर कबुली द्यावी, असं माझ्या मनात आहे. तुमची परवानगी असेल तरच.

तुम्ही पुन्हा लिहायला लागावं, एवढीच माझी इच्छा आहे. मी एका अक्षरापायी तुमचं लिहिणं थांबवलं असं मनात आलं की जेवण जात नाही.

आपला अपराधी,
नरसिंहराव


बसवनगुडी
बुधवार, २ डिसेंबर १९९८

आसावरीताई,

आज मायना सुचत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुम्ही लिहिलंत, पडवीवर काही छापू नका, माझ्या बाळावर एकशे चाळीस लोकांनी प्रतिक्रिया द्यायला नकोत. बरोबर आहे. नाही छापणार. खरं सांगायचं तर मी कबुलीचा मसुदा तयार करून ठेवला होता, आणि तो चांगला उतरला होता. लोक म्हणाले असते, अण्णा मनाचा मोठा. तो फाडून टाकला.

तुमच्या पत्रातला प्रश्न मात्र माझ्यामागे लागला आहे. 'हे सगळं तुम्ही मला कशासाठी लिहिताय? तुम्हाला बरं वाटावं म्हणून? तसं असेल तर मला त्यात घेऊ नका.'

हो. दोन्ही पत्रं मला बरं वाटावं म्हणूनच लिहिली होती. दोन्हींमध्ये मी जेवढं पकडलं गेलं तेवढंच कबूल केलं. सुचेतानं सांगितलं तेव्हा पहिलं पत्र लिहिलं, तुम्ही दोन ए दाखवलेत तेव्हा दुसरं. आता जे लिहितो आहे ते कुणी पकडलेलं नाही. वाचावंसं वाटलं नाही तर इथेच पत्र मिटा.

माझी एक पद्धत होती. रविवारी गठ्ठा पाठवला, शेरे लिहिले की दहाच्या सुमाराला दुसरी कॉफी होते, आणि मी सगळा गठ्ठा सुनंदाला मोठ्यानं वाचून दाखवतो. ती समोर बसून भाजी निवडते. तिला कविता आवडते असं नाही, पण ऐकते. गुढीपाडव्याच्या आधीच्या रविवारी मी तुमची कविता वाचली. हातातलं बळ गेलं, असं वाचलं. सुनंदा म्हणाली, "स्वल्प थांबा. ते परत म्हणा." मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "ते बळ नव्हे हो. बाळ म्हणून असेल. बळ गेलं तर भेटायला येऊन लोक न बोलता कशाला जातील?"

मी म्हटलं, "तुला काय कळतंय कवितेतलं?"

ती म्हणाली, "सरी." कन्नडातलं 'बरं', एवढंच.

मग मी माझा शेरा वाचून दाखवला. तो आता मला लिहायलाच हवा. 'आसावरीबाई, गेलं त्याचा एवढा गळा काढायचा नसतो. रोज चार जोर-बैठका काढा, दूध प्या, वर्षाच्या आत नवं येईल, पहिल्यापेक्षा चांगलं.' माझं मलाच हसू आलं होतं. सुनंदा उठली, निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच सुपात घेऊन आत गेली. त्या रविवारपासून ती गठ्ठा ऐकायला बसली नाही. दर वेळी काहीतरी काम निघायचं. मीही विचारलं नाही.

म्हणजे मला पहिल्याच दिवशी सांगणारं माणूस घरात होतं. तुमचं मूळ पत्र उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. सात महिने मी ते उघडलं नाही. मनात कुठेतरी ठाऊक होतं की सुनंदाचं खरं असणार, म्हणूनच उघडलं नाही. आणि तुमचं ते 'प्रयत्न करू' मला रोज दिसत होतं.

आता सुनंदाला ते कसं कळलं, ते सांगतो.

शंतनु आमचा पहिला नाही. त्याच्या आधी एक मुलगी होती. सासष्ट साली, धारवाडला, सुनंदाच्या माहेरी झाली. मी इथे ड्यूटीवर होतो, बारशाला जायचं म्हणून रजा मंजूर करून घेतली होती. नवव्या दिवशी तार आली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मी तिला पाहिलंच नाही. सुनंदा भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, बाईमाणसाशी दुःखात काय बोलायचं असतं हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचा बाप, काका, भाऊ सगळे माझ्याकडे बघत होते, आता जावई काहीतरी बोलतील म्हणून. मी म्हणालो, "वर्षाच्या आत दुसरं होईल. पहिल्यापेक्षा चांगलं."

तिनं मान हलवली. पुढच्या वर्षी शंतनु झाला. तो झाला म्हणून मला इतकी वर्षं वाटत राहिलं की मी बोललो ते बरोबरच होतं. मुलीचं बारसं झालं नव्हतं, त्यामुळे नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या माणसाची आठवण काढायला सुरुवात तरी कशी करायची, म्हणून आम्ही ती काढलीच नाही. आम्ही म्हणजे मी. शंतनूलाही हे ठाऊक नाही.

मार्चमध्ये तुमची थट्टा करताना तेच वाक्य माझ्या बोटांतून कसं उतरलं, मला सांगता येणार नाही. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. सुनंदाला आठवत होतं. स्वयंपाकघरात जाऊन ती काय करत बसली असेल, याचा विचार मी गेल्या आठवड्यात पहिल्यांदा केला. मला माझी लाज वाटली. आसावरीताई, तुमच्यापाशी मी एक अक्षर खाल्लं, तिच्यापाशी सगळं बाळंतपण.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी कॉम्प्युटर लावला नाही. तुमची कविता बाळ असा शब्द घालून आपल्या अक्षरांत कागदावर उतरवली. सुनंदा मागच्या दारात अवरेकाईच्या शेंगा सोलत होती. तिच्याजवळ पायरीवर बसलो आणि वाचली. ती सोलायची थांबली नाही. मी म्हणालो, "तू म्हणालीस तेच होतं. बाळच होतं." तिनं विचारलं, "ती मुलगी राहते कुठे?"

"बनशंकरीला. देवळाच्या मागच्या बाजूला."

"किती दिवसांचं होतं?"

"अकरा."

हातातली शेंग सोलून ती म्हणाली, "कागद द्या इकडे." तो तिनं ओल्या हातानं घेतला नाही, हात पुसून घेतला.

काल मंगळवार होता. दर मंगळवारी राहुकाळात ती बनशंकरीच्या देवळात अर्ध्या लिंबाच्या सालीत दिवा लावायला जाते. माझ्या आठवणीत ती नेहमीच जात आली आहे. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही, बायकांचं काहीतरी असतं म्हणून सोडून दिलं. काल परत आल्यावर ती म्हणाली, तुमची गल्ली तिनं शोधून ठेवली आहे. घर पाहिलं, आत आली नाही, विचारल्याशिवाय कसं जायचं म्हणून. पुढच्या मंगळवारी, आठ तारखेला, दिवा लावून झाला की तिला तुमच्याकडे यायचं आहे. तुम्हाला नको असेल तर सुचेताकडे तसा निरोप ठेवा. ती रागावणार नाही. निरोप नाही आला तर ती येईल.

मी येणार नाही. तिनं मला तसं स्पष्ट सांगितलं आहे. "तुम्ही आलात की तुम्हीच बोलाल," म्हणाली. खरं आहे.

ती सांत्वनाला येत नाही, एवढं मी तिच्याकडून सांगतो. तिनं तुमची कविता पाठ केली आहे, पण ती म्हणून दाखवायलाही येत नाही. तिला काहीतरी सांगायचं आहे आणि ते ऐकणारं माणूस तिला बत्तीस वर्षांत या घरात मिळालं नाही. तिच्या मुलीचा रंग कसा होता, केस होते का, नऊ दिवसांत ती कधी हसली का, हे मला ठाऊक नाही. तिनं कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. तुम्हाला सांगेल. ऐकून घेता आलं तर घ्या. तुमच्या बाळाचं तुम्हाला काही सांगावंसं वाटलं तर सांगा, ती पुरं ऐकून घेते, मध्ये बोलत नाही.

मात्र ती जे सांगेल त्यातलं काही मला कळवू नका. मी विचारलं तरी नाही. ते मला तिच्याकडूनच मागायचं आहे, आणि द्यायचं की नाही हे तिचं ती ठरवील. नाही दिलं, तरी मी दर रविवारी विचारणार आहे.

या पत्राला उत्तर देऊ नका. कविता लिहा किंवा लिहू नका, तो तुमचा प्रश्न आहे. त्यात आता मी पडत नाही.

एका मुलीचा आणि एका मुलाचा बाप,
नरसिंहराव